वाढ आणि कार्बन यांची फारकत: चाकणच्या कारखान्याने हिशेब कुठून सुरू करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणला फोर्जिंगचा (तापवलेलं पोलाद साच्यात दाबून भाग घडवण्याचा) कारखाना आहे, महिन्याला साधारण ३०० टन तयार माल निघतो. मोठ्या गिऱ्हाइकाने दर नगामागचा कार्बन विचारला आहे आणि तो दरवर्षी उतरला पाहिजे, असंही सांगितलं आहे. त्याच वेळी पाच वर्षांत उत्पादन दीडपट करायचं आहे. पुण्यासारख्या कारखानदारीच्या जिल्ह्यात वाढ चालू ठेवून उत्सर्जन खरंच खाली येतं का? आणि सुरुवात छतावरच्या सोलरपासून करावी का?

येतं. पण आधी कोणता आकडा खाली आणायचा ते ठरवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. दर टनामागचा किंवा दर रुपयामागचा कार्बन उतरला, तर ती सापेक्ष फारकत. वातावरणात जाणारा एकूण कार्बन उतरला, तर ती निरपेक्ष फारकत. भारताचं २०३० चं उद्दिष्ट पहिल्या प्रकारचं आहे: २००५ च्या तुलनेत जीडीपीच्या दर एककामागे ४५ टक्के कमी उत्सर्जन. तुमच्या गिऱ्हाइकाचा प्रश्नही पहिल्याच प्रकारचा आहे. हवेला मात्र दुसराच आकडा कळतो.

तुमचाच हिशेब घ्या. उत्पादन दीडपट होणार, म्हणजे दर टनामागचा कार्बन एक-तृतीयांशाने खाली आला तरी एकूण आकडा आज आहे तिथेच राहील. खाली जायचं तर त्याहून जास्त कपात लागेल. जिल्ह्याच्या पातळीवर वर्षाला ८ टक्के वाढ धरली, तर कार्बनची तीव्रता दरवर्षी सुमारे साडेसात टक्क्यांनी उतरली तरच एकूण उत्सर्जन थबकतं. ग्रिडची वीज आपोआप स्वच्छ होईल आणि आपलं काम होईल, या भरवशावर बसू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा गुणांक, म्हणजे एक युनिट विजेमागे जाणारा कार्बन, दर युनिटला ०.८२ किलोच्या आसपास होता, तो दशकभरात ०.७२ च्या आसपास आला. वर्षाला सव्वा टक्काच.

आता आणखी एक फसवी गोष्ट. गेल्या २४ महिन्यांची वीजबिलं काढा आणि आलेखावर आडव्या अक्षावर महिन्याचे टन, उभ्या अक्षावर युनिट असे ठिपके मांडा. त्यातून सरळ रेघ काढली की ती उभ्या अक्षाला शून्यावर छेदत नाही, बरीच वर छेदते. समजा ती ३४,००० युनिटला छेदते आणि पुढे दर टनाला २२० युनिट चढत जाते. मग ३०० टनांना १ लाख युनिट लागतात, म्हणजे टनाला ३३३. उत्पादन ४५० टन झालं की १ लाख ३३ हजार, म्हणजे टनाला २९६. काहीही न करता तीव्रता ११ टक्क्यांनी उतरली आणि एकूण वापर ३३ टक्क्यांनी वाढला! अहवालात ही ‘सुधारणा’ म्हणून छापली जाते, आणि मंदीच्या वर्षी तोच आकडा उलटा फिरला की सगळे गोंधळतात. सुधारणा खरी तेव्हाच, जेव्हा ही रेघच खाली सरकते. ते ३४,००० युनिट म्हणजे महिनाभर अखंड चालणारा ४७ किलोवॅटचा भार. रविवारी सकाळी आणि सोमवारी पहिल्या शिफ्टच्या आधी मीटर वाचा, म्हणजे तो कुठे दडलाय ते कळेल. याच कारणासाठी पायाभूत वर्ष म्हणून २०२०-२१ कधीही घेऊ नका. लॉकडाउनमध्ये उत्पादन पडलेलं होतं, त्यामुळे त्यानंतरचं कुठलंही वर्ष चांगलंच दिसतं.

मग एकूण हिशेब. तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून अशा शॉपला शोभतील असे धरतो. यील्ड (घेतलेल्या पोलादातला तयार मालात उतरणारा वाटा) ७८ टक्के, म्हणजे ३०० टन मालासाठी ३८५ टन पोलाद लागतं. भारतीय पोलादाची सरासरी टनाला अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे, म्हणजे ९६२ टन. फर्नेस ऑइलची भट्टी बिलेटच्या (घडवण्यासाठी कापलेल्या पोलादाच्या तुकड्यांच्या) टनाला ११० लिटर पीत असेल, तर लिटरला ३ किलोच्या हिशेबाने १२७ टन. वीज १ लाख युनिट, ७२ टन. बेरीज ११६१. यात पोलादाचा वाटा ८३ टक्के, तेलाचा ११ आणि विजेचा ६.

या तीन आकड्यांसमोर सोलरचा प्रश्न ठेवून बघा. पुण्यात १ किलोवॅट पॅनेल वर्षाला १४०० ते १५०० युनिट देतं. छतावर ३०० किलोवॅट लावलं तर महिन्याला सरासरी ३६,००० युनिट, म्हणजे २६ टन कार्बन वाचतो. आणि यील्ड ७८ वरून ८२ वर नेलं तर पोलाद १९ टनांनी कमी लागतं. त्याचे ४७ टन, शिवाय तेवढं बिलेट तापवायचं वाचलं त्याचे ६ टन, असे ५३. सोलरच्या दुप्पट, आणि पोलादाचा भाव व भंगाराचा भाव यांत किलोला ३० रुपयांचा फरक धरला तरी महिन्याला साडेपाच लाखांहून जास्त रुपये हातात. ‘फ्लॅश तर भंगारात विकतोच की’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो; फ्लॅश म्हणजे डायच्या (साच्याच्या) कडेने बाहेर येणारं जादा लोखंड. विकता हे खरं, पण कार्बनच्या प्रचलित हिशेबात त्या भंगाराचं श्रेय पुढे वितळवणाऱ्याला मिळतं. तुमच्या नगावर पूर्ण बिलेटचा भार राहतो.

यील्ड कुठे गळतं? पहिली जागा कटिंग. बिलेट लांबीवर कापतात, पण बारचा व्यास पट्ट्यात खालीवर होतो. ५० मिमीच्या बारवर ०.४ मिमीचा फरक म्हणजे वजनात १.६ टक्के. हलका बार आला तरी डाय भरलीच पाहिजे म्हणून सेटर कायम जास्त लांबी ठेवतो, आणि जाड बारचं ते जास्तीचं लोखंड फ्लॅशमध्ये जातं. उपाय सोपा आहे: बारच्या प्रत्येक बंडलचा व्यास मोजून लांबी वजनावरून लावायची. दुसरी जागा टोकाचे तुकडे. बार सहा मीटरचाच का मागवायचा? बिलेटच्या पटीत लांबी मागवली तर टोक उरत नाही. गिरणी किमान ऑर्डरची अट घालते, पण दोन-तीन मोठ्या पार्टसाठी ती अट सहज पुरी होते. तिसरी जागा डायची झीज. फ्लॅश लँड (डायची, फ्लॅश जिथून बाहेर निघतो ती अरुंद कड) झिजली की फ्लॅश जाड होतो आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पार्ट तर पास होत असतो. दर शिफ्टला पाच नगांचा ट्रिम केलेला फ्लॅश वजन करून फळ्यावर लिहायला लावा. लांबट पार्टला प्रीफॉर्मसाठी (आधी ढोबळ आकार देण्यासाठी) रिड्यूसर रोल बसवला तर चार काय, आठ टक्केही मिळतात, पण तो भांडवली खर्च आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवाच. बिलेटचं वजन खाली आणायच्या आधी तापमान स्थिर करा. भट्टीतून एक बिलेट १२२० ला आणि दुसरं ११४० ला येत असेल, तर वजन कापल्या दिवशीच कोपरे भरायचे राहतील. रिजेक्शन दोन टक्क्यांनी वाढलं की बचतीचा मोठा भाग गेला, आणि शॉपमधल्या माणसांचा या कामावरचा विश्वासही गेला. तो परत मिळवायला वर्ष लागतं.

आता भट्टी. एक टन पोलाद १२०० अंशांपर्यंत न्यायला सिद्धांताने सुमारे २२५ युनिट एवढी उष्णता पुरते. ११० लिटर तेलात ती जवळपास १२०० युनिट असते. पाचातला एकच भाग बिलेटमध्ये जातो. बाकीचा चिमणीतून, दारातून, भिंतीतून आणि जेवणाच्या सुट्टीत पेटत्या ठेवलेल्या बर्नरमधून जातो. भट्टी लगेच बदलायची नसेल तर चिमणीतला ऑक्सिजन मोजा आणि २ ते ३ टक्क्यांवर आणा. मोजला नसेल तर तो आठ-दहा असण्याचीच शक्यता जास्त. तेल १०० अंशांच्या आसपास तापवूनच बर्नरला द्या. गार तेलाचे थेंब मोठे पडतात, नीट जळत नाहीत आणि ऑपरेटर धूर दिसला की हवा वाढवतो. दाराची फट सिरॅमिक फायबरने बंद करा. रिक्युपरेटर (चिमणीच्या गरम वायूवर हवा तापवणारं साधन) बसवून जळणाची हवा ३०० अंशांपर्यंत नेली की तेल १५ टक्क्यांच्या आसपास वाचतं.

तेलाच्या भट्टीऐवजी इंडक्शन हीटर (विजेच्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, बिलेट तापवणारं यंत्र) घेतला तर त्याला टनाला ३८० युनिटच्या आसपास लागतात. आजच्या ग्रिडवर त्याचे महिन्याला १०५ टन होतात आणि तेलाचे १२७ होते. फरक फार मोठा नाही, आणि हे गिऱ्हाइकालाही स्वच्छ सांगावं. पण दोन गोष्टी या पारड्यात आणखी टाका. तेलाच्या भट्टीत स्केल (तापताना पोलादावर चढून झडणारा गंजाचा थर) अडीच टक्क्यांपर्यंत जातो, इंडक्शनमध्ये एक टक्क्याच्या आत राहू शकतो. ते वाचलेलं पावणेसहा टन पोलाद म्हणजे आणखी १४ टन कार्बन. आणि दुसरी जास्त महत्त्वाची: तेल कधीच हिरवं होत नाही, वीज होते. हीटर बसवल्यावर हरित विजेचा करार केला की हे १०५ टन जवळजवळ शून्यावर येतात. म्हणून मी इंडक्शनला आजच्या आकड्यावरून तोलत नाही.

बसवताना चुकतं ते एका कॉइलवर सगळे व्यास चालवण्यात. मोठ्या कॉइलमध्ये बारीक बिलेट घातलं की टनामागचे युनिट झपाट्याने चढतात. ३० मिमीच्या बिलेटला ३ किलोहर्ट्झच्या आसपास, ७० मिमीला ५०० ते १००० हर्ट्झ लागतात. वारंवारता चुकली तर कातडी पांढरी आणि गाभा थंड राहतो, आणि तो प्रेसवर तडकतो. किमान तीन कॉइल घ्या. कूलिंगच्या पाण्याला सॉफ्टनर हवाच. चाकणच्या बोअरचं पाणी थेट फिरवलं की कॉइलमध्ये क्षार बसून ती जळते. वाढीव लोडचा अर्ज महावितरणकडे हीटरची ऑर्डर देतानाच करा, आणि हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) कमी राहावेत म्हणून हीटरच्या विक्रेत्याकडे १२ पल्सचा पुरवठा मागा.

पोलादाबद्दल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची वर्गवारी जाहीर केली: तयार पोलादाच्या टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित; त्यात १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २ चार तारे, २ ते २.२ तीन तारे. पुरवठादाराकडे ताऱ्यांचं प्रमाणपत्र मागा. ‘आमचं पोलाद आर्क भट्टीचं (विजेच्या भट्टीचं) आहे’ एवढ्यावर थांबू नका. भट्टीत भंगार घातलं तर आकडा एक टनाच्या आत येऊ शकतो. कोळशावरचं स्पाँज आयर्न (कोळसा वापरून खनिजातून काढलेलं कच्चं लोखंड) घातलं तर ब्लास्ट फर्नेसच्याही वर जातो. चार्जमध्ये काय किती टक्के होतं, हा प्रश्न आहे. भंगाराच्या पोलादाचा धोका तांब्याचा: ते ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या वर गेलं की फोर्जिंगच्या तापमानाला पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. टेस्ट सर्टिफिकेटवर तांब्याचा आकडा असलाच पाहिजे, अशी अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये टाका.

युरोपला माल जात असेल तर हे आणखी निकडीचं आहे. सीबॅमचा (आयात मालाच्या कार्बनवर युरोपीय संघ लावतो त्या शुल्काचा) पक्का टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. नट-बोल्ट, म्हणजे ७३१८ या सीमाशुल्क कोडाचा माल, त्यात येतो. आणि लोखंड-पोलादासाठी तिथे थेट उत्सर्जनच धरतात, विजेचं धरत नाहीत. म्हणजे बोल्ट करणाऱ्याने छत भरून सोलर लावलं तरी सीबॅमचा आकडा हलत नाही. वायररॉड कुठल्या गिरणीचा घेतला यावर तो हलतो.

काँप्रेस्ड हवेवर जरा थांबतो, कारण भोसरीपासून रांजणगावपर्यंत जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये ही गळती आहे आणि ती मोजायला पैसाही लागत नाही. रविवारी सगळी मशीन बंद, पण हवेचे व्हॉल्व्ह नेहमीसारखे उघडे ठेवायचे. काँप्रेसर चालू करायचा. तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो ते घड्याळ लावून पाच-सहा वेळा लिहायचं. समजा दीड मिनिट लोड, चार मिनिटं अनलोड. १.५ भागिले ५.५, म्हणजे २७ टक्के. काँप्रेसर ५०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा देणारा) असेल तर १३६ सीएफएम हवा कुणीही न वापरता जात आहे. सीएफएमला ०.१७ किलोवॅट धरून २३ किलोवॅट. वर्षाच्या ६००० तासांत सुमारे १ लाख ३९ हजार युनिट आणि १०० टन कार्बन. युनिटला ९ रुपये धरा, साडेबारा लाख. काँप्रेसर व्हीएफडीचा (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) असेल तर ही पद्धत चालत नाही, त्याच्या पॅनेलवरचा प्रवाह वाचा.

गळती सापडते ती ठरलेल्या जागी: क्विक कपलिंग, एफआरएलची (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरची) वाटी, पीयू नळीचे फिटिंग, आणि पाणी येतं म्हणून कायम किंचित उघडा ठेवलेला ड्रेन. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. दुरुस्त केल्यावर दाब खाली आणा. दर एक बारला ६ ते ७ टक्के वीज वाचते. क्रम उलटा करू नका. गळती तशीच ठेवून दाब कमी केला तर टोकाच्या मशीनचा क्लॅम्प सुटतो, कुणीतरी गुपचूप दाब परत वाढवतो, आणि तो पुन्हा कमी करायला कुणी धजत नाही.

वॉशिंग मशीनच्या आणि फॉस्फेटिंगच्या टाक्या ५० ते ६० अंशांना असतात. तिथे विजेचा हीटर असेल तर हीट पंप लावा. तीनातली दोन युनिट वाचतात. चिलरमध्ये आर-४१०ए हा थंडावा देणारा वायू असेल तर गॅस भरल्याची नोंद ठेवा: १० किलो गळला की जवळपास २१ टन कार्बनच्या बरोबरीचं नुकसान होतं. शेजाऱ्यांची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) असेल तर त्यांना भट्टीचं झाकण सांगा. १४५० अंशांच्या वितळलेल्या धातूचं ६० सेंमीचं उघडं तोंड तासाला ५० ते ८० युनिट नुसती फेकतं. झाकण असतंच, पण त्याची बिजागरी वाकलेली आणि हँडल तापलेलं, म्हणून ते बाजूला पडलेलं असतं. हायड्रॉलिक झाकण करून घ्या.

आता जिल्ह्याचा प्रश्न. पुण्याची वाढ कार्बनपासून सुटली का, हे तपासताना दोन चुका हमखास होतात. एक, जिल्हा उत्पन्न चालू किमतींना घेणं. अर्थ व सांख्यिकी संचालनालय स्थिर किमतींचेही आकडे देतं. ते न घेता चालू किमती घेतल्या तर महागाईलाच फारकत म्हटल्यासारखं होतं. दुसरी चूक हद्दीची. पुण्यात वापरलेल्या विजेचा कोळसा चंद्रपूर आणि कोराडीला जळतो. आपल्या चिमण्याच मोजल्या तर हिंजवडीचा काच-इमारतींचा पट्टा शून्य उत्सर्जनाचा दिसेल. पिंपरीची एखादी फाउंड्री बंद करून कास्टिंग कोल्हापूरहून आणलं, तर जिल्ह्याचा आकडा उतरेल आणि हवेत तेवढाच, वर वाहतुकीचा धरून थोडा जास्तच कार्बन जाईल. म्हणून जिल्ह्यात वापरलेले युनिट, विकलेला पीएनजी (पाइपचा गॅस), डिझेल, कोळसा हे तर धराच, पण बाहेरून आलेलं पोलाद, ॲल्युमिनियम आणि सिमेंटही वेगळ्या ओळीत दाखवा. पीएनजीला घनमीटरमागे २ किलो, डिझेलला लिटरमागे २.७ किलो हे गुणांक पुरतात. मग पाच वर्षांतली उत्सर्जनाची टक्केवारीतली वाढ भागिले उत्पन्नाची टक्केवारीतली वाढ. उत्तर ०.८ च्या खाली आलं तर कमकुवत फारकत, शून्याच्या खाली गेलं तरच बळकट.

शेवटी सोलर, कारण तो करायचाच आहे, फक्त पहिला नाही. फोर्जिंग शॉपच्या जुन्या शेडवर आधी पर्लिन (छताचे पत्रे पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या) तपासून घ्या; पॅनेल आणि स्ट्रक्चरचं वजन चौरस मीटरला १२ ते १५ किलो पडतं आणि हॅमरचे हादरे वेगळे. स्केलची काळी धूळ आणि तेलकट काजळी पॅनेलवर बसते, आठवड्याला धुवावी लागते. छत पुरणार नाही, तेव्हा ओपन ॲक्सेस, म्हणजे बाहेरच्या उत्पादकाकडून ग्रिडमार्गे थेट वीज घेणं. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी त्याची किमान लोडची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे तुमच्यासारखा कारखाना बसतो. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (अनेक कारखान्यांनी मिळून भागीदारीत घेतलेल्या वीजप्रकल्पात) गेलात तर वापरणाऱ्यांचा मिळून २६ टक्के भागभांडवलाचा वाटा आणि ५१ टक्के विजेचा वापर, या दोन्ही अटी दरवर्षी पाळाव्या लागतात. मंदीत तुमच्या गटाचा वापर ५१ च्या खाली गेला तर क्रॉस सबसिडी अधिभार (महावितरण सोडून बाहेरची वीज घेणाऱ्यावर लागणारा आकार) अंगावर येतो. रात्रपाळी मोठी असेल तर निव्वळ सोलर घेऊ नका, पवन-सौर मिश्र करार मागा. साताऱ्याच्या पठारावरचा वारा पावसाळ्यात जोरात असतो, नेमका तेव्हा जेव्हा पॅनेल मंदावतात. आणि करारात एक कलम स्वतः वाचा: या विजेची हरित प्रमाणपत्रं कुणाची? विकासकाने ती दुसऱ्याला विकली असतील, तर गिऱ्हाइकाला द्यायच्या हिशेबात तुमची वीज पुन्हा ०.७२ नेच धरावी लागेल.